उणे तीसमध्ये घराला श्वास कसा द्यायचा: कॅनडाच्या गवताळ प्रदेशात नव्यानं आलेल्यांसाठी

नोव्हेंबर अर्धा सरला की मला दरवर्षी तोच फोन येतो. "ताई, खिडक्यांवर आतून पाणी येतंय. काच गळते आहे का?" काच गळत नसते. ते पाणी घरातलंच असतं. सकाळच्या आंघोळीचं, भाताच्या वाफेचं, रात्रभर चौघांनी सोडलेल्या श्वासाचं.

मी सॅस्कॅचेवान प्रांतातल्या सॅस्कटूनमध्ये राहते, हा माझा चौदावा हिवाळा. पहिल्या वर्षी आम्ही भाड्याच्या घरात होतो. तळघरात छताला टांगलेली एक पेटी सतत घुरघुरायची, आणि तिच्यातून गार हवा येते असं वाटून मी तिचा स्विच बंद करून टाकला. वीजही वाचेल, ऊबही टिकेल, असा माझा हिशोब होता. जानेवारीत मुलाच्या खोलीतल्या खिडकीच्या चौकटीवर बोटभर जाडीचा बर्फ साचला. मार्चमध्ये कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. त्याचा खोकला महिनाभर हटला नव्हता, त्याचं कारण तिथे असावं हे तेव्हा लक्षात आलं. ती पेटी म्हणजे एचआरव्ही, घरातली उष्णता राखून हवा बदलणारं यंत्र. तेव्हा कुणी दहा मिनिटं बसून समजावलं असतं, तर तो हिवाळा वेगळा गेला असता. ती दहा मिनिटं मी इथे देते आहे.

आधी हे घर कसं आहे ते समजून घ्या

आपल्याकडचं कौलारू घर कौलांच्या सांदीतून, झरोक्यांतून, दाराखालच्या फटीतून आपोआप श्वास घेतं. चुलीचा धूर कुठून जातो याचा विचार करावा लागत नाही. इथलं घर तसं नाही. लाकडी सांगाडा, त्यात भरलेलं इन्सुलेशन म्हणजे ऊब अडवणारं भरण, आणि त्याच्या आतल्या बाजूनं घरभर गुंडाळलेला प्लास्टिकचा कागद. खिडक्या दोन किंवा तीन काचांच्या, दाराला रबराची पट्टी. वारा आत यायला जागा नाही, म्हणून ऊब टिकते. पण त्याच कारणानं ओलावा, स्वयंपाकाचा वास आणि आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइडही आतच राहतो.

ऊब आणि ताजी हवा या दोन्हींचा मेळ घालण्याचं काम ज्या घरांतून पुढे आलं, त्यांतलं एक महत्त्वाचं घर इथून गाडीनं अडीच-तीन तासांवर, याच प्रांतातल्या रेजायना शहरात आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर प्रांतिक सरकारला सौरऊर्जेवर चालणारं घर बांधून हवं होतं. अभियंते हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की हिवाळ्यात दिवस इतका लहान आणि थंडी इतकी कडक असताना ऊन गोळा करण्यापेक्षा आहे ती उष्णता घरातच अडवणं जास्त फायद्याचं. 1977 मध्ये ते घर उभं राहिलं, जाड भिंतींचं, हवाबंद आणि घर तापवणारी भट्टी नसलेलं. हवाबंद केलं म्हणून ताजी हवा देणं आलं, आणि त्यासाठी सॅस्कॅचेवान विद्यापीठातल्या रॉबर्ट बेझंट आणि मंडळींच्या कामातून उष्णता-विनिमयक आला. पुढे 1991 मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे तापवायला अगदी थोडी ऊर्जा लागणारं घर, बांधलं गेलं, त्यामागे इथले धडेही होते. तुमच्या तळघरातली घुरघुरणारी पेटी याच कुळातली आहे, म्हणून तिला परकं समजू नका.

तिचं काम साधं आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातली ओलसर, उबदार हवा ती बाहेर टाकते आणि बाहेरची ताजी हवा आत घेते. दोन्ही प्रवाह पातळ पत्र्यांच्या गाभ्यातून एकमेकांना न मिसळता शेजारून जातात. जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते.

यानं किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. बाहेर उणे 30, आत 21 अंश. सेकंदाला 28 लिटर ताजी हवा, म्हणजे साधारण 60 सीएफएम (मिनिटाला घनफूट), थेट आत घेतली तर ती तापवायला सतत सुमारे 1.7 किलोवॅट लागतात. एक रूम हीटर दिवसरात्र चालू ठेवल्यासारखंच. 70 टक्के उष्णता परत मिळाली तर तेच काम अर्ध्या किलोवॅटवर होतं. पंख्यांची वीज त्यापुढे किरकोळ आहे. खिडकी किलकिली ठेवणं हा यावरचा उपाय नाही. हवा किती आली यावर ताबा राहत नाही, चौकट गोठून खिडकी परत बंद होत नाही, आणि जवळ पाण्याचा पाइप असेल तर तोही गोठू शकतो.

पहिली पायरी: आर्द्रता मोजा

हार्डवेअरच्या दुकानात आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतं. दोन घ्या. एक बैठकीच्या खोलीत ठेवा, दुसरं झोपायच्या खोलीत, खिडकीपासून दूर. या एका वस्तूशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आता आकडे. दुहेरी काचेची खिडकी आणि 21 अंशांचं घर धरलं, तर बाहेर उणे 10 असताना आतली आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास चालते. उणे 20 ला ती 25 ते 30 वर आणावी लागते, आणि उणे 30 ला 20 किंवा त्याहून खाली. तिहेरी काच असेल तर थोडी जास्त चालते. कारण असं: 21 अंशांच्या खोलीत 40 टक्के आर्द्रता असेल, तर 7 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. उणे 30 च्या रात्री काचेची खालची कड त्याहून कितीतरी गार असते.

20 टक्के ऐकून पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला धसका बसतो. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, सतरंजीवरून चालून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. मग लोक ह्युमिडिफायर आणतात आणि 45 टक्क्यांवर लावून ठेवतात. ओठांना तूप लावा, भरपूर पाणी प्या, पण थंडीच्या लाटेत ह्युमिडिफायर 45 वर ठेवू नका. ते पाणी भिंतीत आणि माळ्यावर जातं. माळ्याबद्दल पुढे सांगते. लहान बाळ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर त्या एका खोलीपुरता ह्युमिडिफायर ठेवा आणि रोज सकाळी काच बघा. काचेच्या खालच्या कडेला चिमूटभर धुकं चालेल. पाण्याच्या धारा लागल्या की आर्द्रता खाली आणायचीच.

दुसरी पायरी: तळघरात जाऊन बघा

तळघरात भट्टीजवळ अशी एक पेटी शोधा, जिला सहा-सहा इंचांचे चार डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, जोडलेले आहेत. त्यांतले दोन जाड, इन्सुलेशन गुंडाळलेले आणि भिंतीतून बाहेर गेलेले असतील. अशी पेटी असेल तर तुमच्याकडे एचआरव्ही आहे, किंवा तिची बहीण ईआरव्ही. नाव पेटीवर लिहिलेलं असतं. ईआरव्ही उष्णतेबरोबर थोडा ओलावाही परत आत आणते.

पेटी नसेल, पण घरातली हवा भट्टीकडे परत नेणाऱ्या डक्टला बाहेरून आलेला एकच इन्सुलेटेड पाइप जोडलेला असेल, तर ताजी हवा येते आहे, पण उष्णता वाचत नाही. जुन्या घरांत तोही नसतो. तिथे न्हाणीघराचे पंखे आणि भिंतींच्या फटी एवढंच असतं.

तिसरी पायरी: ओलावा जिथे होतो तिथेच धरा

हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे. चौघांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ मिळून दिवसाला आठ-दहा लिटरपर्यंत पाणी हवेत जाऊ शकतं. त्यातलं निम्मं तरी आपल्या सवयींच्या हातात असतं.

आपला स्वयंपाक उकळत्या पाण्याचा आहे. वरण, भात, चहा, मोदकांची उकड. कुकर इथे खरा मित्र आहे. उघड्या पातेल्यात भात शिजवला तर वाफ सबंध वेळ हवेत जाते, कुकरमध्ये त्यातली थोडीच बाहेर पडते. बाकी पातेल्यांवर झाकण ठेवा. शेगडीवरचा हूड फोडणी घालण्याआधीच सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. पण आधी हे तपासा, की हूड हवा खरोखर बाहेर टाकतो का. पुष्कळ भाड्याच्या घरांत हूड ती हवा एका जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. वरच्या कपाटात डक्ट दिसला नाही, तर समजा की तो बाहेर जात नाही. अशा वेळी स्वयंपाक करताना एचआरव्ही मोठ्या वेगावर ठेवा. मात्र एचआरव्हीची नळी कधीही शेगडीच्या अगदी वर जोडू देऊ नका, तेलाचा थर गाभ्यात बसतो.

न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालला पाहिजे. टायमरचा स्विच बसवून घ्या, म्हणजे लक्षात ठेवावं लागत नाही. पंखा ओढतो का ते बघायला टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीवर धरा. तो चिकटून राहायला हवा. पंख्यातून थेंब गळत असतील, तर माळ्यावरून जाणाऱ्या त्याच्या नळीवर इन्सुलेशन नाही, आणि वाफ तिथेच गार होऊन परत खाली येते आहे.

कपडे घरात वाळवणं ही आपली जुनी सवय. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यातही दोनेक लिटर पाणी असतं. एका बेडरूममध्ये दोरीवर ते वाळवलं, तर तेवढं पाणी त्या खोलीत सोडल्यासारखं होतं. वाळवायचंच असेल तर न्हाणीघरात, दार लावून, पंखा चालू ठेवून. ड्रायर असेल तर त्याची मागची नळी सुटलेली नाही ना, ते बघून घ्या.

आणि पडदे. थंडी म्हणून जाड पडदे खालपर्यंत ओढले की काच घरापासून तुटते, आणखी गार होते आणि सकाळी बर्फ दिसतो. पडदा खाली चार बोटं उघडा ठेवा, म्हणजे खिडकीखालच्या झरोक्यातून येणारी गरम हवा काचेवरून फिरेल. कपाटं, पलंग, देवघराचं टेबल बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. माझ्या कपाटामागे बुरशी आली ती या एका वितेअभावी.

चौथी पायरी: एचआरव्ही चालवायला शिका

बहुतेक यंत्रांना भिंतीवर एक नियंत्रक असतो. कमी वेग, जास्त वेग, तासातली वीस मिनिटं हवाबदल, आणि आर्द्रतेची मर्यादा. घरात माणसं असतील तर कमी वेगावर सतत चालू ठेवणं मला सगळ्यात बरं वाटतं. आठवडाभर उणे 35 असेल आणि मीटर 15 टक्क्यांवर गेलं, तर वीस मिनिटांच्या पद्धतीवर या. पूर्ण बंद करू नका. आर्द्रतेची मर्यादा वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे ऋतूनुसार बदला. ऑक्टोबरात 40 वर लावलेलं बटण जानेवारीत तसंच राहिलं, तर ते काहीच करत नाही.

बाहेरची हवा आर्द्रता कमी कशी करते, असा प्रश्न हमखास येतो, कारण बाहेर तर बर्फच बर्फ असतो. उणे 30 च्या हवेत घनमीटरला अर्धा ग्रॅमही पाणी नसतं. 21 अंशांची हवा मात्र 18 ग्रॅमपर्यंत पाणी धरू शकते. ती गार हवा आत येऊन तापली की ओलावा शोषून घेणारी कोरडी हवा होते.

एक गोष्ट नव्या माणसाला नेहमी घाबरवते. थंडी वाढली की यंत्र मधूनच आवाज बदलतं आणि काही मिनिटं बाहेरची हवा घेणं थांबवतं. ते बिघडलेलं नसतं. जाणाऱ्या हवेतली वाफ गाभ्यात गोठते, तो बर्फ वितळवण्यासाठी यंत्र बाहेरची झडप बंद करून घरातलीच उबदार हवा आतून फिरवतं. जितकी थंडी जास्त, तितकं हे वारंवार होतं.

देखभालीसाठी वर्षातला अर्धा दिवस पुरतो. दर तीन महिन्यांनी प्लग काढून पेटीचं दार उघडा, फिल्टर व्हॅक्यूम करून कोमट पाण्यात धुवा, वाळवून परत लावा. वर्षातून एकदा गाभा बाहेर काढा. एचआरव्हीचा गाभा बहुधा साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतो. ईआरव्हीचा गाभा मात्र पाण्यानं खराब होऊ शकतो, म्हणून आधी पुस्तिका वाचा. पेटीखालच्या बारीक नळीला एक वेढा असतो, त्यात पाणी साठून राहतं. तळाच्या ताटलीत पेलाभर पाणी ओतून ते निचऱ्यात जातंय ना ते पाहा.

मग कोट-टोपी चढवून बाहेर जा. भिंतीवर दोन जाळीदार तोंडं दिसतील. हवा आत घेणाऱ्या तोंडावर हिवाळ्यात हिमकणांचा थर बसतो आणि हवा बंद होते. मऊ ब्रशनं झाडून काढा. ते तोंड जमिनीपासून निदान दीड फूट वर असायला हवं, आणि साचलेला बर्फ तिथपर्यंत पोचू देऊ नका. त्याच्याजवळ गाडी चालू ठेवून गरम करत बसू नका. तो धूर सरळ मुलांच्या खोलीत येतो.

यंत्रच नसेल तर

भाडेकरू असाल तर न्हाणीघराचा पंखा टायमरवर दिवसातून अनेकदा चालवा आणि घरमालकाशी बोला. खिडक्यांच्या बर्फाचे फोटो आणि मीटरचे आकडे दाखवलेत तर बोलणं सोपं जातं, कारण भिंत त्याचीही खराब होते आहे.

स्वतःचं घर असेल तर एचआरव्ही बसवून घेणं हा काही हजार डॉलरचा खर्च आहे, पण माझ्या मते नव्या सोफ्याआधी तो करावा. आकार ठरवायची इथली पद्धत खोल्या मोजायची आहे. मोठी बेडरूम आणि मोकळं तळघर यांना सेकंदाला 10-10 लिटर, बाकी प्रत्येक खोलीला 5. दोन लहान बेडरूम, बैठक, जेवणाची जागा, स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं मिळून 35, वर 20, म्हणजे 55 लिटर, सुमारे 117 सीएफएम. ही घराची पूर्ण क्षमता झाली, रोज याच्या निम्म्यावर चाललं तरी पुष्कळ. घेताना कार्यक्षमतेचे दोन आकडे बघा, 0 अंशाला आणि उणे 25 ला. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही दुसरा विचारा, तुमचा हिवाळा त्या आकड्यात आहे. बसवणाऱ्याला हेही विचारा, की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा समतोल मोजून लावणार का. समतोल नसेल तर घरात दाब तयार होतो, आणि ओलसर हवा भिंतींच्या फटींत ढकलली जाते.

एचआरव्ही की ईआरव्ही? लहान घरात माणसं जास्त आणि स्वयंपाक भरपूर असेल तर एचआरव्ही, कारण ओलावा बाहेर जायलाच हवा. मोठ्या घरात दोघंच राहत असतील आणि घर कोरडं ठणठणीत पडत असेल तर ईआरव्ही.

फटी बुजवा, पण याच क्रमानं

हवाबदलाची सोय झाली की मगच फटी बुजवायच्या. उलट केलंत तर माझ्या पहिल्या हिवाळ्याची पुनरावृत्ती होईल. ब्लोअर डोअर चाचणी करून घेता आली तर उत्तम. दारात मोठा पंखा लावून घर किती गळतं ते मोजतात. नाही तर वाऱ्याच्या दिवशी अगरबत्ती पेटवून फिरा. धूर जिथे झुकतो तिथे फट आहे. प्लगांचे डबे, तळघरात भिंत आणि वरचा मजला जुळतो ती कड, आणि माळ्याचं झाकण या जागा आधी बघा.

माळ्याचं झाकण सगळ्यात महत्त्वाचं. घरातली ओलसर उबदार हवा त्या फटीतून वर जाते आणि छपराच्या फळ्यांवर गोठते. महिनोन्‌महिने थर चढत जातो, दिसत काहीच नाही. मग एका दुपारी पारा शून्याच्या वर जातो आणि छतातून पाणी ठिबकायला लागतं. लोक छपरावर चढून भोक शोधतात. भोक नसतंच, ते हिवाळाभर साचलेलं घरातलंच पाणी असतं. झाकणाला रबराची पट्टी लावा, दिव्यांभोवतीच्या फटी भरून घ्या.

तीन गोष्टी ज्यांत चालढकल नको

प्रत्येक झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. जुन्या घरात वॉटर हीटरचा धूर नुसत्या उष्णतेनं चिमणीतून वर जात असेल, तर मोठा हूड, पंखे आणि ड्रायर एकदम चालवल्यावर तो धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. सगळे पंखे लावून हीटरच्या चिमणीच्या तोंडाशी अगरबत्तीचा धूर धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. खोलीत उलटा आला तर पंखे बंद करा आणि त्याच दिवशी गॅसचं काम करणाऱ्या परवानाधारक माणसाला बोलवा. अगरबत्ती ठीक वागली तरी अलार्म हवाच.

नवी भट्टी असेल तर तिचे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर येतात. हिमवादळानंतर ते बर्फानं झाकले नाहीत ना, हे सगळ्यात आधी बघा.

आणि रेडॉन. जमिनीतून येणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. या प्रदेशात तो पुष्कळ घरांत आढळतो. कॅनडाची मर्यादा घनमीटरला 200 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) आहे. चाचणीची डबी स्वस्त असते, हिवाळ्यात निदान तीन महिने घरातल्या सगळ्यात खालच्या वापरात असलेल्या मजल्यावर ठेवायची. आकडा जास्त आला तर तळघराच्या जमिनीखालून हवा ओढून बाहेर टाकणारी नळी बसवतात, एचआरव्हीवर भागवू नये.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला की खिडक्या उघडा आणि फिल्टर धुऊन घ्या. जूनमध्ये पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडायला लागतो. तो बाहेरच्या जाळीवर रजईसारखा बसतो, तेव्हा आणखी एकदा ब्रश फिरवायचा.